चार दगडांची जागा

माझ्या नवऱ्याच्या कबरेच्या उजव्या अंगाला, कुंपणाच्या भिंतीपर्यंत, एक माणूस मावेल एवढी जागा होती आणि ती माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या जागेपायी झालं. मी गोष्टी लांबवणारी बाई नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला. पेशंटच्या नातेवाइकांना जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हायची सवय. पण हे दोन वाक्यांत मावत नाही. मी करून पाहिलं.

घाटंजीत आमची ख्रिस्ती मंडळी लहान, वीस-पंचवीस घरांची. गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातलं एक कौलारू चर्च आणि गावाबाहेर नाल्याच्या अलीकडे कबरस्थान. तेही त्याच काळातलं, तेव्हाच्या माणसांच्या अंदाजानं घेतलेलं. एका बाजूनं रस्ता रुंद झाला, दुसऱ्या बाजूनं नाला आत सरकला आणि मधल्या जागेत तीन पिढ्या झोपल्या. नव्या जागेचा अर्ज तहसीलमध्ये पडून होता. तोवर आमच्यात एक रीत पडून गेली होती. नवरा-बायकोपैकी एक गेलं की दुसऱ्यासाठी शेजारची जागा राखायची. चार कोपऱ्यांवर चार दगड मांडायचे आणि दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरेला चुना मारताना त्या दगडांनाही मारायचा. कागद नाही की पावती नाही. पण ते दगड दुसऱ्या कोणी हलवायचे नाहीत, पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. ज्याची जागा त्यानंच स्वतःच्या हातानं उचलायचे. माझ्या देखत तरी कोणी उचलले नव्हते.

माझे चार दगड मी दफनाच्या तिसऱ्या दिवशी नाल्यातून पदरात घालून आणले. बाया कुजबुजल्या, अजून डोळ्यांतलं पाणी खळलं नाही अन् ही दगडं शोधत हिंडते. म्हणू द्या. त्यांना काय ठाऊक?

आमचा संसार दारात झाला. नवरा जिनिंग फॅक्टरीत फिटर. कापसाच्या दिवसांत त्याला बारा-बारा तासांची पाळी, आणि माझ्या पाळ्या तर बारमाही. तो डबा घेऊन निघायचा तेव्हा मी ड्यूटी संपवून पायरी चढत असायची. उंबऱ्यात उभ्या उभ्या चार शब्द: दूध आलं का, सिलिंडर संपत आलं, बुधवारी मीटिंग आहे. त्याच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत. ते मी बोटानं काढायची, तेवढाच काय तो लाड. मूलबाळ झालं नाही. दर वेळी तो म्हणायचा, "तुई पेन्शन सुरू होऊ दे, मंग बसू निवांत." पेन्शनला चार वर्षं बाकी असताना फॅक्टरीतच त्याच्या छातीत कळ आली. माणसांनी उचलून आमच्याच दवाखान्यात आणला, पण आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ड्यूटीवर होते, धावत बाहेर आले. त्या दिवशीही आम्ही दारातच भेटलो.

म्हणून ती जागा. इथं नाही जमलं, तिथं तरी बाजूबाजूला पडून राहू, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. रविवारी उपासना झाली की मी कबरस्थानात जायची, त्याच्या कबरेवरचं गवत उपटायची आणि मग माझ्या रिकाम्या जागेवर फतकल मारून बसायची. लोकांना वाटे, बिचारी दुःख करते. दुःख कुठलं! मी तिथं खुशाल बसायची. घर भाड्याचं, नोकरी सरकारची, पण ही जागा माझी होती.

आणि गंमत पाहा, मंडळीत समर्पण शिकवायचं काम माझ्याकडेच होतं. दर बुधवारी बायांची संगत भरे, तिची पुढारीण मी. मूठ घट्ट आवळून दाखवायची, मग हळूच उघडून दाखवायची. "असं उघडा," म्हणायची, "मुठीत धरलं ते सडतं, प्रभूच्या हाती दिलं ते राहतं." बाया माना डोलवायच्या. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे माझं सांगणं त्यांना खरंही वाटायचं.

आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या शेवटच्या रविवारी चिठ्ठ्यांची उपासना होते. सरत्या वर्षात ज्यानं आपल्याला धरून ठेवलं ते एका चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि पुढं ठेवलेल्या लोखंडी घमेल्यात टाकायचं. सगळ्यांचं झालं की पाळकसाहेब काडी लावतात. कोणी तंबाखू लिहितं, कोणी जावेशी धरलेला अबोला. मी दरवर्षी एकच शब्द लिहायची: राग. राग माझ्याजवळ भरपूर होता. कितीही दिला तरी पहिल्या आठवड्यात परत हजर. देताना मला कधी काही दुखलं नाही. त्यावरूनच कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. लोक म्हणायचे, झाड झालं अन् बोंडात अळी. एका फवारणीनं भागेना, दुसरी, तिसरी, दोन-तीन औषधं एकत्र कालवून. मजुरीवर जाणारे पोट्टे पाठीवर पंप घेऊन त्या उंच कपाशीत शिरायचे आणि वर मारलेलं औषध त्यांच्याच तोंडावर पडायचं. आमच्या दवाखान्यात रांग लागली. "सिस्टर, डोळे आग करून राह्यले." "सिस्टर, समोरचं दिसून नाई राह्यलं." डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, तोंडातून लाळ, अंगाला तो वास. कपडे उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं, सुई लावायची. जास्त झालं तर यवतमाळला पाठवायचं. काही तिकडून चालत आले. काही नाही आले.

त्या रांगेत एका दुपारी आमच्याच मंडळीतला एक जण आला. बंजारा होता, जवळच्या तांड्यावरचा, पंचविशीचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं अन् त्याच्या बायकोनं बाप्तिस्मा घेतला होता. दर रविवारी पायी यायची दोघं, शेवटच्या बाकावर बसायची. हा गाणं मोठ्यानं म्हणायचा आणि टाळी नेमकी चुकीच्या जागी वाजवायचा. मी मागं वळून डोळे वटारायची. तो हसायचा आणि आणखी जोरात वाजवायचा.

विष उतरवायच्या इंजेक्शनांनी माणसाला भ्रम होतो. उठून पळू नये म्हणून हात बँडेजनं खाटेला बांधावे लागतात. त्याचेही बांधले. पण बोटं मोकळी होती आणि ती हवेत चालत होती. चिमटीत धरायचं, ओढायचं, कमरेच्या ओटीत टाकल्यासारखं सोडायचं. परत चिमटीत धरायचं. कापूस वेचत होता. शेतात पहिला वेचा अजून व्हायचा होता. बायको पायथ्याशी बसून त्याच्या बोटांकडे पाहत होती.

"याडी," ती मला म्हणाली, "हा बरा होईन ना वं?" याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. ती पहिल्यापासून मला तसंच म्हणायची.

"यवतमाळला नेतील आता. प्रभूवर टाक," मी म्हटलं. हे मी सगळ्यांना म्हणायची.

शुक्रवारी सकाळी यवतमाळच्या दवाखान्यात तो गेला, म्हणजे मेला. दुपारी गाडी त्याला घेऊन परत आली. चर्चच्या पडवीत बर्फाच्या लादीवर ठेवला. आणि तासाभरानं पाळकसाहेब माझ्या घरी आले. मारेगावकडचे, तरुण, बोलायला मऊ. चहा दिला तर कप हातात धरून बसले, पिईनात. तेव्हाच ते कशाला आलेत त्याचा मला वास आला.

"बाई," ते म्हणाले, "त्याच्या पहिल्या ईस्टरला आपली पहाटेची उपासना कबरस्थानात झाली ना, तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, मेलो तर मला इथंच ठेवा. पांढऱ्या कबरी, मेणबत्त्या, त्याला फार आवडलं होतं. तांड्यावर भावांना विचारलं. तेही बिचारे म्हणाले, त्याची मर्जी होती तर न्या, आमची ना नाही. पण ठेवू कुठं?"

"बाकीच्यांना विचारलं?"

"पाच जागा राखलेल्या आहेत. चार घरी जाऊन आलो."

"अन् चौघांनीही माझं नाव सांगितलं."

त्यांनी खाली पाहिलं. "म्हणाले, बाई नाही म्हणणार नाहीत. बाई समर्पणाचं सांगतात."

माझं डोकं सणकलं. वा रे वा, म्हटलं, स्वतःची जागा राखून दुसऱ्याच्या जागेवर पुण्य करायला निघाले! तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण तोंड सुटलं की सुटलं. "साहेब, दोन वर्षांचा विश्वासी तो. आमच्या तीन पिढ्या या मंडळीत गेल्या. कालच्या माणसासाठी मी माझ्या नवऱ्याची बाजू सोडू काय?"

हे मी बोलले. आजही लिहिताना माझा हात जड होतो, पण बोलले ते बोलले.

"कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही, बाई," ते म्हणाले.

"नाल्याकडची पट्टी मोकळी आहे की."

"ती धसते. तुम्हालाच माहीत आहे."

"पाऊस गेला आता."

पाऊस गेला नव्हता. परतीची एक झड दरवर्षी येतेच, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाळकसाहेबांनी कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि उठले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "दगड तुमचे, बाई. तुम्हीच उचलले तर उचलायचे."

शनिवारी सकाळी त्याला नाल्याकाठच्या पट्टीत ठेवलं. मंडळीतल्या चार जणांनी रात्रभर घाई करून पेटी ठोकली होती, साधी, बाभळीच्या फळ्यांची. तांड्यावरचे भाऊ डोक्यावरचं काढून मागं उभे राहिले. खड्डा खणताना माती कडेनं भुसभुशीत पडत होती, फावड्यानं परत परत काढावी लागत होती. मी कुठं उभी होते, सांगू? माझ्या जागेवर. चार दगडांच्या आत. ती जागा उंचावर, तिथून सगळं नीट दिसत होतं.

माती टाकून झाल्यावर त्याची बायको वर चढून आली आणि माझ्या गळ्यात पडली. "याडी, तू आलती, मले आधार वाटला," म्हणाली. तिला दगडांचं काही माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "रडू नको."

दुसऱ्या दिवशी रविवार, त्यात प्रभुभोजनाचा. पाळकसाहेब नेहमी म्हणतात तेच म्हणाले, कोणाचं कोणाशी काही असेल तर आधी ते मिटवा, मग पुढं या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पुढं गेले. सगळ्या बाया पाहत होत्या, पुढारीण बसून राहिली तर चर्चा होईल, म्हणून गेले. भाकरीचा तुकडा सहज उतरला. प्यालाही सहज उतरला. घरी येऊन मी वरण-भात लावला आणि जेवलेसुद्धा. त्या सहजपणाचीच मला मग भीती वाटायला लागली.

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि झड लागली. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तशी मी उठून कामं काढत बसले. धुतलेले डबे परत धुतले. कपाट काढून लावलं. मग काहीच उरलं नाही तेव्हा गुडघ्यावर बसले, पण प्रार्थनेला शब्द सुचेना. "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" हे वाक्य माझ्या तोंडात आयुष्यभर होतं. ते आलं ओठांवर आणि मी गिळून टाकलं. कारण मला पहिल्यांदा कळलं की ते खरं होऊ शकतं.

सोमवारी उजाडता उजाडता दार वाजलं. उघडलं तर ती. नखशिखांत भिजलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तांड्यावरून पावसात निघाली होती, कबर पाहायला. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही, घर खराब होईल म्हणून.

"याडी, काठ गेला," ती म्हणाली. "पाणी आत शिरलं. पेटी उघडी पडून राह्यली. म्या माह्यी ओढणी टाकली त्यावर, पन ते काही राहत नाई."

मी आतून टॉवेल आणून तिच्या हातात दिला.

"दुसरी जागा नाईच काय वं कोठी?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आपल्या आईला विचारावं तशी.

"आहे," मी म्हटलं. "चल."

रस्त्यानं ती पुढं, मी मागं. आणि मी प्रभूशी भांडत चालले. मनातल्या मनात नाही, चांगलं तोंडानं. तुला हेच दिसलं का, म्हटलं. पोर दिलं नाहीस, मी काही बोलले नाही. नवरा उंबऱ्यावरून नेलास, तेव्हाही तुझीच स्तुती केली. साडेसहा फूट जमीन ठेवली होती मी माझ्यासाठी या जगात. तेवढीही तुझ्या डोळ्यांत आली? घे. घे बापा, घे. पण मी हसत देतेय असं समजू नको. पुढं चालणाऱ्या त्या पोरीनं दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी तिला म्हटलं, "तुला नाही बोलत, तू चाल."

बुधवारच्या संगतीत मी मूठ कशी अलगद उघडून दाखवायची! खरी मूठ तशी उघडत नाही. एकेक बोट ओढून काढावं लागतं, आणि ओढणारा आपणच असतो.

कबरस्थानात पाळकसाहेब आणि चार माणसं आधीच आली होती. नाल्याच्या काठाचा लचका तुटून पडला होता आणि पेटीचं एक टोक पाण्यावर आलं होतं. तिची पिवळी ओढणी फळीच्या खिळ्याला अडकून पाण्यात फडफडत होती. मी तिकडे गेले नाही. सरळ माझ्या जागेकडे गेले आणि खाली बसले. तीन दगड चटकन निघाले. चौथा, नवऱ्याच्या डोक्याकडचा, मातीत रुतून बसला होता. बोटांनी उकरला. एक नख मुळापासून तुटलं. पाळकसाहेब मदतीला वाकले तर त्यांच्यावर खेकसले, "हात लावू नका. रीत माहीत आहे ना?" चारही दगड पदरात घेऊन मी नाल्यापर्यंत गेले आणि एकेक करून पाण्यात टाकले.

ती पोर बघत होती. माझ्या नवऱ्याची कबर अन् शेजारची मोकळी जागा पाहून दगड कशाचे ते तिला तेव्हा उमगलं. तिचा चेहराच उतरला. "मंग तू कोठी जाशीन, याडी?" म्हणाली.

मी पदराचा चिखल झटकला. "आधी याचं उरकू दे," म्हटलं.

माणसं खणायला लागली. अडीच-तीन फुटांवर डावी बाजू ओलीनं ढासळली आणि आतून एक फळी दिसली. माझ्या नवऱ्याची पेटी. सागवानाची केली होती, तरी वाळवीनं जाळी करून टाकलेली. खणणारा थांबला. "बाई, तुम्ही तिकडं पाहा," म्हणाला. मी पाहिलं नाही तिकडं. त्या फळीकडेच पाहिलं. आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते कबूल करते. दया नाही आली, श्रद्धा नाही आली. मला हेवा वाटला. पंचवीस वर्षांच्या मेलेल्या पोराचा हेवा, की हा आता माझ्या नवऱ्याच्या बाजूला झोपणार आणि मी नाही. इतका कडकडीत हेवा मला जिवंत माणसाचा कधी वाटला नव्हता.

मग मी ढासळलेल्या ठिकाणची माती हातानं थापून बसवली, फळी झाकली, आणि म्हटलं, "खणा."

दुपारच्या आत त्याला ठेवलं. पाळकसाहेबांनी परत प्रार्थना केली. या वेळी मी वेगळी नाही, सगळ्यांमध्ये उभी होते.

लोक साक्ष देतात, मी प्रभूला दिलं आणि शांती मिळाली. मला शांती-बिंती काही मिळाली नाही. महिनाभर मी कबरस्थानाच्या रस्त्यानं गेले नाही. बुधवारची संगत सोडली. बायांना म्हटलं, दुसरी पुढारीण पाहा, मला शिकवता येत नाही. त्यांना वाटलं मी रुसले. वर्षअखेरीला चिठ्ठ्यांच्या उपासनेत कोरा कागद दुमडून घमेल्यात टाकला, कारण लिहायला आता काही राहिलंच नव्हतं. फक्त एवढं झालं की "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणताना पुन्हा कधी गिळावं लागलं नाही.

त्या पोरीला मी पुढच्या वर्षी स्पष्ट सांगितलं, "वय काय तुझं! दुसरं लग्न कर, मी पाळकसाहेबांशी बोलते." ती म्हणाली, "तुले नाई करावं वाटलं, अन् मले कायले सांगतं?" जीभ माझ्याकडूनच शिकली होती. दर ईस्टरच्या आदल्या दिवशी ती तांड्यावरून यायची, बादलीत चुना कालवायची आणि दोन्ही कबरींना मारायची, आधी माझ्या नवऱ्याच्या कबरेला, मग तिच्या नवऱ्याच्या. मी बाजूला बसून, इथं राहिलं, तिथं पातळ झालं, असं ओरडत राहायची.

तीन वर्षांनी नव्या जागेचा अर्ज मंजूर झाला. गावापासून दूर, खडकाळ माळ, दोन बाभळी, बाकी काही नाही. पण तिथं पहिलं जायला कोणी तयार होईना. म्हाताऱ्या बाया पाळकसाहेबांना विनवायच्या, आम्हाला जुन्यातच कुठंतरी सरकवा, त्या माळावर एकटं कसं राहायचं? जणू काही मेल्यावर भीती वाटणार आहे. मी भर उपासनेत उठून सांगितलं, "पहिली मी जाते. लिहून ठेवा." मला, खरं सांगते, आतून जरा फुशारकीच वाटली. म्हटलं, आता तरी मी खऱ्या अर्थानं दिलं.

त्या ईस्टरला चुना मारून झाल्यावर ती म्हणाली, "चाल, याडी, नवी जागा दाखव मले." आम्ही माळावर गेलो. ऊन तापलं होतं. ती हातातली चुन्याची बादली खाली ठेवून इकडे तिकडे पाहत राहिली.

"तुई कोणती?" तिनं विचारलं.

"कोणती नाही. जिथं ठेवतील तिथं. अन् दगड मांडायचे नाहीत, मी सांगून ठेवलं आहे."

ती बाभळीच्या सावलीत बसली. मग बोलली, अगदी साध्या आवाजात, बाजाराचं बोलावं तसं. "माह्यी बी त त्याच्या बाजूले जागा नाई. एका अंगाले तुह्या माणूस हाय, दुसऱ्या अंगाले भिंत."

तीन वर्षं मी माझ्या त्यागाचा हिशेब कुरवाळत बसले होते. दगड उचलले मी, नख तुटलं माझं, हेवा गिळला मी. ही पोर दर वर्षी दोन कबरींना चुना मारत होती, आणि हिलाही आपल्या माणसाच्या बाजूला झोपायला मिळणार नाही, हे एकदाही, एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"तू बोलली काहून नाही?" मी म्हटलं.

"काय बोलू? तू आपली देल्ली. मंग म्या कोणती मांगू?"

मी तिच्याजवळ खाली बसले आणि रडले. नवरा गेला तेव्हा असं रडले नव्हते. तिनं मला रडू दिलं, मग ओढणीनं माझं नाक-डोळे पुसले, पेशंटचं मी पुसायची तसंच, जरा जोरात.

"ते दोघं तिथं राहातीन," ती म्हणाली, "आपण दोघी इथं राहू. तू एकटी कायले राहातं?" बादली उचलून तिनं उरलेला चुना बाभळीच्या बुडाशी ओतून दिला. "तू पह्यले जाय, याडी. मी येईन मागून."